मायेच्या जोडीला नोंदवही हवी

महोदय,

विकासात्मक अपंगत्व (म्हणजे लहानपणापासूनचे बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, यांसारखे) असलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या घरी ठेवून घेऊन तिचा सांभाळ करणाऱ्या कुटुंबांविषयी वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येते. त्यात भरपूर कौतुक असते, ‘देवाचे लेकरू’, ‘निरागस जीव’ असे शब्द असतात आणि ते वाचून काही घरे पुढेही येतात. घरे पुढे यावीत असे आम्हालाही मनापासून वाटते. मात्र त्या घरांनी नेमके काय करायचे, हे त्या मजकुरात सापडत नाही. शिवाय पस्तीस वर्षांच्या माणसाला लेकरू म्हटले की पुढचे बरेच काही बिघडते. त्याच्या पैशांचा हिशेब कोणी विचारत नाही, त्याच्या खोलीत शिरताना दार वाजवायचे असते हे सुचत नाही. आणि लहान मुलासारखे त्याचे खाणे-पिणे, पोट, झोप यांवर रोज लक्षही ठेवले जात नाही, कारण मोठ्या माणसाला ‘पोट साफ झाले का’ हे विचारायला सगळेच संकोचतात. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

कल्पना नवी नाही. बेल्जियममधील गील या गावातली कुटुंबे तेराव्या शतकापासून मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना आपल्या घरात राहायला घेत आली आहेत. 1930 च्या दशकात तिथे अशी साडेतीन हजारांहून अधिक माणसे कुटुंबांत राहत होती. इंग्लंडमध्ये आज अशा घरांची रीतसर व्यवस्था आहे आणि एका घरात तीनपेक्षा जास्त जणांना ठेवता येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर 2006 मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातले एकोणिसावे कलम सांगते की कुठे आणि कोणासोबत राहायचे हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीलाही इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. या कलमाचा व्यवहारातला अर्थ असा, की निवड दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. कुटुंब जसे माणूस बघते, तसा त्या माणसालाही हे घर बघायचा आणि नको म्हणायचा हक्क आहे.

त्यासाठी घाई टाळावी लागते. पहिली भेट तासाभराची, नंतर एक जेवण, मग एक रात्र, मग दोन रात्री, मग पूर्ण आठवडा, असे टप्पे ठेवले तर साधारण दीड-दोन महिने जातात आणि ते वाया जात नाहीत. पहिल्या तासात सगळेच शहाण्यासारखे वागतात. खरे चित्र दिसते ते तिसऱ्या दिवशी सकाळी, अपुऱ्या झोपेनंतर. ज्यांना बोलता येत नाही त्यांचा नकारही याच काळात ओळखायला शिकायचे असते. जेवण निम्मे होणे, दाराजवळ बसून राहणे, निघायच्या वेळी स्वतःहून बूट आणणे ही उत्तरेच आहेत, आणि ती तारखेनिशी लिहून ठेवावीत.

व्यक्ती राहायला येण्याआधी जी माहिती हातात पडायला हवी, ती तोंडी घेऊ नये. निदान, चालू औषधे (नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कोणी सुरू केले), ॲलर्जी, फिट येत असल्यास ती कशी येते आणि किती वेळ टिकते, गिळण्याची तपासणी झाली आहे का, वजन, शेवटच्या रक्ततपासण्या, दातांची शेवटची तपासणी, झोपेची वेळ, संडासला जाण्याची पद्धत, ‘हो’, ‘नाही’ आणि ‘दुखते’ हे ती व्यक्ती कसे सांगते, कोणत्या गोष्टीने घाबरते, कायदेशीर निर्णय कोण घेते, भेटायला कोण येते. एवढे सगळे विचारूनही एक प्रश्न हमखास राहून जातो: आधीचे घर किंवा आधीची संस्था का सुटली? ‘जमले नाही’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कोणत्या वेळी, कोणासोबत, कशावरून जमले नाही, हे कळेपर्यंत विचारत राहावे. मारहाण झाली असेल, अत्याचार झाला असेल, तर ते कुटुंबाला माहीत असलेच पाहिजे, नाहीतर रात्री दार उघडल्यावर किंचाळणाऱ्या माणसाला ‘हट्टी’ ठरवले जाते.

घराविषयी थोडक्यात. स्वतंत्र खोली हवी. दाराला आतून कडी हवी, आणि ती अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता आली पाहिजे. धुराची सूचना देणारे यंत्र झोपायच्या जागेजवळ हवे, आणि आग लागल्यास सगळ्यांनी बाहेर पडण्याचा सराव दिवसा तसाच रात्रीही करून बघावा. झोपेच्या औषधाखाली असलेला माणूस रात्री उठून चालू शकतो का, हे त्याशिवाय कळत नाही. गरम पाण्याची काळजी सर्वांत जास्त घ्यावी. 60 अंश सेल्सिअसचे पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजते. संवेदना कमी असलेला किंवा पटकन बाजूला होता न येणारा माणूस त्यातून सुटत नाही. अंघोळीचे पाणी 37-38 अंशांच्या आसपास असावे, तापमापकाने मोजावे, आणि आधी थंड पाणी सोडून मग गरम मिसळावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणारे लोक चार धोक्यांची नावे नेहमी एकत्र घेतात: अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाणे, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता आणि फिट. हे चारही बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखे आहेत, चारही घरात कोणत्याही दिवशी घडू शकतात, आणि प्रेमळ घरातही नजरेतून सुटतात. कारण सुरुवातीला त्यांचा काही आवाज होत नाही.

गिळण्यापासून सुरुवात करू. जेवताना खोकला, पाणी पिताना ठसका, जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होणे, डोळ्यांतून पाणी येणे, गालात घास साठून राहणे, अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबणारे जेवण, कारण नसताना उतरणारे वजन, वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया, यांपैकी काहीही दिसले तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. काही जणांच्या बाबतीत अन्न श्वासनलिकेत जाते आणि खोकलाही येत नाही. म्हणून ‘कधी ठसका लागला नाही’ यावर विसंबून राहू नये. तपासणीनंतर अन्नाचा पोत ठरवून दिला जातो. त्यासाठी 0 ते 7 अशा आठ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पाचव्या पातळीचे अन्न म्हणजे बारीक केलेले आणि ओलसर. प्रौढांसाठी त्यातला कण 4 मिलिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे जेवणाच्या साध्या काट्याच्या दोन दातांमधून जाईल एवढा. सहावी पातळी मऊ आणि लहान तुकड्यांची. तुकडा दीड सेंटिमीटरपर्यंत, आणि काट्याने दाबला की चिरडला जाणारा. घरोघरी चूक होते ती ‘मऊ’ या शब्दापाशी. ताजा पाव हाताला मऊ लागतो, पण तोंडात त्याचा चिकट गोळा होतो आणि तो घशात अडकतो. द्राक्षे, दाणे, मांसाचे तुकडे, पातळ रस्सा आणि घट्ट तुकडे एकत्र असलेले पदार्थ हेही असेच फसवे.

पाणी घट्ट करून द्यायला सांगितले असेल तर अंदाजाने पावडर टाकू नये. 10 मिलिलिटरच्या सुईविना सिरिंजमध्ये तो द्रव भरून खालचे तोंड दहा सेकंद उघडे ठेवायचे. 4 ते 8 मिलिलिटर उरला तर ती दुसरी पातळी, 1 ते 4 उरला तर पहिली. चाचणीसाठी ठरावीक मापाची सिरिंज लागते, ती तपासणी करणाऱ्यांकडून घ्यावी. जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, पाय टेकलेले. एका वेळी एक लहान घास, तो गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. जेवण भरवणाऱ्याने उभे राहू नये, कारण वर बघून गिळताना श्वासनलिका उघडी राहते. जेवणानंतर निदान अर्धा तास बसलेलेच ठेवावे. आणि दात? दिवसातून दोनदा, बसवून, घासायचेच. तोंड अस्वच्छ असेल तर श्वासनलिकेत जाणाऱ्या लाळेबरोबर जंतूही फुप्फुसात उतरतात, त्यामुळे दातांची निगा हा न्यूमोनिया टाळण्याचाच भाग आहे. फिटवरचे फेनिटोइन हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजून वाढू शकतात, त्यांना दंतवैद्याची गरज इतरांपेक्षा जास्त लागते.

घास अडकला, खोकता येत नसेल, आवाज निघत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि घास सुटेपर्यंत हेच आलटून-पालटून. बेशुद्ध झाल्यास छाती दाबणे सुरू करून रुग्णवाहिका बोलवायची. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे वाचून न थांबता प्रत्यक्ष शिकून घेतले पाहिजे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ते कसे करायचे हेही.

पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर साधारण दीड ते दोन लिटर, म्हणजे 200 मिलिलिटरचे आठ-दहा पेले. घट्ट केलेले पाणी चवीला आवडत नाही, म्हणून ते घेणारे लोक कमी पितात. काही जण वारंवार उठावे लागू नये म्हणून पीत नाहीत, काहींना तहान सांगता येत नाही. प्यायलेल्या प्रत्येक पेल्याची वहीत खूण केली आणि दिवस मावळताना त्या खुणा मोजल्या की चित्र समोर येते. गडद लघवी, कोरडी जीभ, अचानक आलेली सुस्ती ही लक्षणे उशिराची. मनोविकारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमचे रक्तातले प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते.

बद्धकोष्ठतेबद्दल लिहिताना हात आखडता घेणार नाही. हालचाल कमी, पाणी कमी, आणि वर मनोविकाराची, फिटची, लाळ कमी करण्याची औषधे, ज्यांतली बरीच आतडी मंदावतात. परिणामी मळ साचत जातो, आतडे ताणले जाते, शौचाची जाणीव बोथट होते आणि आणखी साचतो. याची सर्वांत फसवी खूण म्हणजे जुलाब. घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि कपडे खराब होतात. घरच्यांना वाटते पोट बिघडले, मग जुलाब बंद करणारी गोळी दिली जाते, आणि अडथळा पक्का होतो. म्हणून नोंद रोज हवी: तारीख, वेळ, प्रमाण आणि प्रकार. प्रकारासाठी सात चित्रांचा ब्रिस्टल तक्ता वापरतात. पहिला प्रकार सुटे कडक खडे, तिसरा-चौथा चांगला, सातवा निव्वळ पातळ. तक्ता संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला की ज्यांना बोट दाखवता येते त्यांना मदतीशिवाय सांगता येते, आणि त्यांचा मानही राखला जातो.

तीन दिवस काही नाही, तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली उपाययोजना सुरू करायची. ती आधी लिहून घेतलेली असली पाहिजे, चौथ्या रात्री फोनवर शोधायची वेळ येऊ नये. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी संडासला बसवावे, कारण पोट भरले की आतडी हलतात. पायाखाली पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर आणावेत. घाई करू नये. तंतुमय अन्न वाढवायचे तर पाणी आणि हालचालही वाढली पाहिजे. नाहीतर, विशेषतः खुर्चीला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत, कोंडा आणि इसबगोल आतल्या आतच साचतात. पोट फुगून कडक झाले, उलट्या होत आहेत, खाणे बंद आहे, तर घरी काही देत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

फिटचे नियम लोकांना अर्धवट माहीत असतात. तोंडात काहीही घालायचे नाही, हातपाय धरून ठेवायचे नाहीत, डोक्याखाली मऊ काही सारायचे, आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या, आणि सगळ्यात आधी घड्याळ बघायचे. पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, श्वास नीट चालत नाही, पाण्यात असताना आली, डोक्याला मार लागला, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर रुग्णवाहिका. फिट थांबली की कुशीवर वळवायचे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत सोबत थांबायचे. फिट थांबवण्यासाठी गालात किंवा नाकात द्यायचे मिडाझोलाम हे औषध लिहून दिलेले असेल तर ते केव्हा द्यायचे, किती द्यायचे, दुसरा डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांच्या सहीचे लेखी हवे. ते औषध त्या व्यक्तीसोबत फिरले पाहिजे. माणूस बागेत आणि औषध कपाटात, असे होऊ देऊ नये. मुदतीची तारीख दर महिन्याला बघावी.

फिट येणाऱ्या व्यक्तीने टबमध्ये अंघोळ करू नये. काही इंच पाण्यातही माणूस बुडतो. खुर्चीवर बसून शॉवर बरा, न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नको, आणि कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवे. रात्री झोपेत मोठी फिट येणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून रात्रीची देखरेख कशी करायची हे मेंदूविकारतज्ज्ञांशी उघडपणे बोलून ठरवावे. फिटची नोंद करताना केवळ ‘फिट आली’ असे लिहून काही हाती लागत नाही. सुरुवात किती वाजता, आधी काय करत होते, कोणती बाजू आधी हलली, डोळे कुठे वळले, रंग कसा झाला, किती वेळाने नाव ओळखले. त्यासोबत मागच्या तीन दिवसांची झोप, ताप, चुकलेला डोस, पोटाची स्थिती. अनेकदा कारण त्या तीन दिवसांतच सापडते.

‘वागणे बिघडले’ असे म्हणून औषध वाढवून मागितले जाते, तेव्हा आधी दुखणे शोधावे. डोके आपटणे म्हणजे दातदुखी, कानातला मळ किंवा कानाचा संसर्ग असू शकतो. जेवणानंतर हात चावणे म्हणजे छातीत चढणारे आम्ल. महिन्यातून ठरावीक दिवसांत होणारा आक्रस्ताळेपणा म्हणजे पाळीच्या वेदना. अचानक अंथरूण ओले होऊ लागणे म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा न दिसलेली फिट. डॉक्टरांनाही ‘हे अपंगत्वामुळेच’ असे वाटण्याचा मोह होतो. त्यांच्यापुढे महिनाभराची नोंद ठेवली की तो मोह आवरतो. नोंद तीन रकान्यांची असावी: लगेच आधी काय घडले, नेमके काय केले, लगेच नंतर काय झाले. ‘रागावला’ असे लिहू नये. ‘टीव्ही बंद केल्यावर दोन मिनिटांत उजव्या हाताने स्वतःच्या गालावर चार थपडा’ असे लिहावे. पंधरा दिवसांत त्यात आकार दिसू लागतो.

एक धोका वेगळा सांगायला हवा. मनोविकारावरची काही औषधे घेतल्यावर आतून विलक्षण अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही, माणूस येरझारा घालतो. बाहेरून ते चिडल्यासारखे दिसते, म्हणून त्याच औषधाची मात्रा वाढते, आणि अस्वस्थताही. नवे औषध किंवा वाढीव मात्रा सुरू झाल्याची तारीख वहीत ठळक असेल तर हा घोळ लवकर उघडा पडतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना गरजेपेक्षा जास्त मनोविकाराची औषधे दिली जातात, हे लक्षात आल्यावर इंग्लंडमध्ये 2016 मध्ये ती कमी करण्यासाठी स्वतंत्र मोहीम सुरू झाली. कमी करणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. फिटची गोळी तर एकाएकी कधीच थांबवू नये. आणि कोणी कितीही चिडले तरी त्याला पालथे पाडून पाठीवर दाब देणे जीवघेणे आहे. श्वास कोंडून अशी माणसे दगावली आहेत. जागा मोकळी करणे, आवाज कमी करणे, आपणच दोन पावले मागे जाणे, हे आधी.

औषध देताना व्यक्ती, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी डब्याशी ताडून बघायच्या, आणि गोळी गिळल्यावरच नोंदीवर सही करायची. आधी सही करून ठेवली की गोळी गालात राहून गेल्याचे कळत नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत, पूर्ण डोस एकदम अंगात जातो. गिळता येत नसेल तर पातळ औषध मागावे. दुसऱ्या डॉक्टरकडे, अगदी दंतवैद्याकडेही, चालू औषधांची यादी न्यावी. फिटवरचे कार्बामाझेपिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले तर कार्बामाझेपिनचे रक्तातले प्रमाण वाढते आणि माणूस झिंगल्यासारखा पडतो.

निदानानुसार काही जास्तीच्या गोष्टी. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणे, झोपेत श्वास अडकणे, कमी ऐकू येणे आणि मोतीबिंदू बरेच आढळतात, आणि स्मृतिभ्रंश चाळिशीपासूनच डोकावू शकतो. म्हणून व्यक्ती ठणठणीत असतानाच तिला काय काय येते याची यादी करून ठेवावी, नाहीतर काय हरवले हे कशाशी ताडणार? प्रॅडर-विली सिंड्रोम या जनुकीय विकारात भूक भागल्याची जाणीवच होत नाही. अन्नाला कुलूप लावणे हा तिथे उपचाराचा भाग असतो, शिक्षा म्हणून ते केलेले नसते. या व्यक्तींना सहसा उलटी होत नाही आणि दुखणेही कमी जाणवते, म्हणून उलटी किंवा पोट फुगणे हे तातडीचे लक्षण. स्वमग्न व्यक्तीसाठी दिवसाचा क्रम चित्रांत लावावा आणि बदल होणार असेल तर त्या चित्रातच आधी दाखवावा.

पैशांबाबत नियम कडकच हवेत. व्यक्तीचे खाते वेगळे, घरखर्चात एक रुपयाही मिसळायचा नाही, प्रत्येक खरेदीची पावती, आणि महिन्यातून एकदा घराबाहेरच्या, हितसंबंध नसलेल्या माणसाने वही तपासायची. सांभाळाचे मानधन आणि व्यक्तीचा स्वतःचा पैसा हे दोन वेगळे झरे आहेत. तिला कोणता शर्ट घ्यायचा हे तिने ठरवावे, तो आपल्याला आवडला नाही तरी. मैत्री, प्रेम, शरीर यांविषयी सोप्या शब्दांत आणि चित्रांनी शिकवावे. अवयवांची नावे माहीत नसतील तर त्या व्यक्तीला अत्याचार सांगताही येत नाही. आठवड्यातून काही तास घराबाहेरची, कुटुंबाशी संबंध नसलेली कोणीतरी व्यक्ती तिला एकटी भेटली पाहिजे. चांगल्या घराला याची अडचण वाटत नाही. ज्या घराला वाटते, तिथे अधिक लक्ष द्यावे.

सांभाळणाऱ्यांच्या विश्रांतीकडे सुरुवातीपासून पाहावे लागते. रात्री दोनदा उठणारे कुटुंब सहा महिन्यांत थकते आणि थकलेला माणूस आधी नोंद सोडतो, मग तापमापक, मग संयम. बदली सांभाळणारे घर पहिल्याच महिन्यात ठरवावे आणि व्यक्तीला तिथे अधूनमधून न्यावे, म्हणजे आजारपणात अनोळखी दारात सोडायची वेळ येत नाही. सांभाळाच्या करारात आधीच लिहून ठेवावे: महिन्यातून किती दिवस सुट्टी, त्या दिवसांचे पैसे कोण देणार, कोणत्या परिस्थितीत घर पुरे पडणार नाही, आणि तसे झाल्यास किती दिवसांची सूचना. सांभाळणारे स्वतः साठीच्या पुढे असतील तर ‘नंतर कोण’ हा प्रश्न त्याच कागदावर यावा, व्यक्तीलाही त्या बोलण्यात बसवून.

रुग्णालयासाठी एक पान वेगळे हवे: नाव, कशी हाक मारलेली आवडते, औषधे, ॲलर्जी, अन्नाचा पोत, दुखले की काय करते, सुई टोचताना कसे शांत करता येते, संमतीसाठी कोणाशी बोलायचे. ते दर तीन महिन्यांनी नवे करावे आणि जुने फाडून टाकावे, कारण घाईत जुनेच हाती येते. घर बदलायची वेळ आली, तर हे पान आणि सगळ्या वह्या व्यक्तीसोबत गेल्या पाहिजेत. आम्ही पाहतो की कपडे, औषधे, आवडती उशी आठवणीने बांधली जाते आणि वही मात्र जुन्या घराच्या फळीवर राहते. मग नव्या घरात पहिल्या रात्री कोणालाच माहीत नसते, की या माणसाने डावा कान धरला म्हणजे त्याची दाढ दुखते आहे.

आपले,
विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या घरगुती सांभाळाचे काम करणारे काही वाचक